चायनीज-मेक्सिकन हॉटेलात सासू-सासऱ्यांना न्यायचंय? आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही फिनिक्सला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत. नवऱ्याच्या मित्राने सगळ्यांना एका चायनीज-मेक्सिकन फ्यूजन ठिकाणी जेवायला बोलावलंय. मेनू बघून डोकं गरगरलं. केसाडियात (चीज भरून शेकलेल्या मेक्सिकन पोळीत) चायनीज चिकन, फ्राइड राइसवर मेक्सिकन डुक्कर! सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासरे सगळं खातात, पण तिखट नसेल तर ताट बाजूला सारतात. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काय मागवू, काय टाळू? आणि मुळात हे खाण्यासारखं असतं का?"

खाण्यासारखं असतं. चांगल्या जागी तर फार छान असतं. फिनिक्समधल्या मेक्सिकन आणि चिनी अशा दोन्ही तऱ्हेच्या किचनमध्ये मी लाइनवर, म्हणजे शेगड्यांसमोर, उभी राहिलेय, पुढे किचन सांभाळलंय, म्हणून ठामपणे सांगते. अशा ठिकाणी ऑर्डर देणं हाच अर्धा स्वयंपाक असतो. नेहमीच्या हॉटेलात आचाऱ्याने ठरवलेलं ताट समोर येतं. इथे किचन फक्त सुटे भाग तयार ठेवतं. चार-सहा प्रकारचं मांस, दोन-तीन प्रकारचा भात, दोन प्रकारचे बीन्स, टॉर्टिया म्हणजे मेक्सिकन पोळ्या, चीज. जोडणी तुम्ही करायची. चुकीची जोडणी केली की माणसं "सगळं एकाच चवीचं होतं" म्हणत घरी जातात आणि दोष फ्यूजनला देतात.

या प्रकारचं आपल्या शहरातलं ठळक नाव म्हणजे चीनो बांदीदो. उत्तर फिनिक्समध्ये, 1990 पासून. मोठी मेक्सिकन टोपी घातलेला पांडा ही त्यांची खूण. चिनी आणि मेक्सिकनच्या जोडीला तिथे जर्क, म्हणजे झणझणीत मसाल्याचं कॅरिबियन मांसही आहे. काउंटरवर ऑर्डर द्यायची, ट्रे उचलायचा, बसायचं. मित्राने तुम्हाला तिथेच बोलावलंय की दुसरीकडे, हे तुम्ही लिहिलं नाही. पण या तऱ्हेच्या सगळ्याच साध्या ठिकाणांना खालचं लागू पडतं.

आधी मांसाहारी मंडळींची जोडणी. माझा नियम सोपा आहे: तळलेलं आणि गोड-तिखट सॉसमध्ये घोळवलेलं काही असेल (जेड रेड चिकन, ऑरेंज चिकन, त्या घराण्यातलं काहीही) तर ते केसाडियात घाला. वितळलेल्या चीजचा खारटपणा आणि स्निग्धपणा सॉसची साखर आवरतो, आणि टॉर्टिया तव्यावर शेकलेली असल्यामुळे कोटिंग मऊ पडलं तरी दाताखाली काहीतरी कुरकुरीत लागतं. तेच चिकन बुरिटोत, म्हणजे टॉर्टियाच्या बंद गुंडाळीत भरलं तर बीन्स, भात आणि सॉस मिळून पाच मिनिटांत लगदा होतो. बंद बुरिटोत वाफ कोंडते, तिथे कुरकुरीतपणा टिकतच नाही. पहिल्यांदा येणारे लोक हमखास हेच मागवतात.

याउलट शिजवून तंतू सोडवलेलं, खारट, ओलसर मांस (कार्नितास म्हणजे चरबीत मंद शिजवलेलं डुक्कर, किंवा माचाका) हे फ्राइड राइसवर उत्तम. माचाका हा सोनोरा प्रांताचा, म्हणजे ॲरिझोनाच्या अगदी शेजारचा पदार्थ. पूर्वी वाळवलेलं गोमांस कुटून करत, आता बहुतेक ठिकाणी शिजवूनच तंतू काढतात. गोमांस आहे हे लक्षात असू द्या. मेनूवर नुसतं "माचाका" लिहिलेलं असतं आणि सासऱ्यांच्या "सगळं खातात" मध्ये ते बसतं का, हे तुम्हालाच ठाऊक. कार्ने आसादा, कार्ने देशेब्रादा ही नावंही गोमांसाचीच समजा.

दोन पदार्थांचा कॉम्बो घेतलात तर एक रसाचा, एक कोरडा. दोन्ही तळलेले नकोत, दोन्ही सॉसवालेही नकोत. खारट चिनी पदार्थाशेजारी काळे बीन्स घ्या, ते मुळात सौम्य असतात. जर्कसारख्या मसालेदार गोष्टीशेजारी घोटलेले रिफ्राइड बीन्स बरे. आणि पहिल्यांदाच आलोय हे काउंटरवर मोकळेपणाने सांगा. अशा ठिकाणचे लोक नवख्याला दोन-तीन पदार्थ चाखायला देतात. चाखायला मागण्यात कमीपणा काही नाही, उलट चाखून तुम्ही लवकर ठरवलंत तर त्यांनाही बरं, रांग पुढे सरकते.

आता सासरे. त्यांची निराशा होण्याचा खरा धोका चिनी बाजूकडून आहे, मेक्सिकन बाजूकडून नाही. "चायनीज" म्हटल्यावर सातारकर माणसाच्या डोळ्यासमोर येतं ते आपलं देशी चायनीज: मंचुरियन, शेझवान, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा सढळ हात. मंचुरियनचा जन्म मुंबईतला, 1975 च्या सुमाराचा. त्याचं श्रेय क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या नेल्सन वँग यांना देतात. इथलं चायनीज अमेरिकन जिभेसाठी वळवलेलं आहे आणि ती जीभ गोडाकडे झुकते. ऑरेंज चिकन पांडा एक्स्प्रेस या हॉटेल-साखळीने 1987 मध्ये आणलं आणि देशभर तोच साचा पसरला: कॉर्नफ्लोअरचं कोटिंग, साखर, व्हिनेगर, थोडी लाल मिरची. "स्पायसी" लिहिलंय म्हणून सासऱ्यांना हे दिलंत तर ते म्हणणार, "सूनबाई, हे काय, शिरा आहे का?"

म्हणून तिखट मेक्सिकन बाजूने आणा. काउंटरवर "चिलेस तोरेआदोस" आहेत का विचारा. तव्यावर किंवा तेलात अख्ख्या परतून फोड आलेल्या मिरच्या, वरून लिंबू आणि बऱ्याच ठिकाणी सोया सॉस. मेक्सिकोच्या सीमेवरच्या चिनी हॉटेलांत पिवळ्या मिरच्या अशाच येतात. मेनूवर नसल्या तरी मिरच्या आणि सोया सॉस दोन्ही किचनमध्ये असतातच, गर्दी नसेल तर कुक करून देतो. मिरची कोणती ते मात्र विचारा. स्कोव्हिल या तिखटपणाच्या मोजमापात जालापेन्यो 2,500 ते 8,000 मध्ये येते, सेरानो 10,000 ते 23,000 च्या घरात, आणि हाबानेरो लाखाच्या पुढे. लवंगी मिरचीवर वाढलेल्या माणसाला जालापेन्यो म्हणजे भाजी. सेरानो त्यांच्या पसंतीस उतरेल. हाबानेरोची सालसा, म्हणजे चटणी, पहिल्या घासाला फळासारखी सुवासिक लागते आणि मग मागून येते, तेव्हा आधी टोकभर चाखायला सांगा. जर्कमध्येही हाबानेरोची बहीण, स्कॉच बॉनेट मिरची, ऑलस्पाइस नावाच्या मसाल्यासोबत वापरतात. हॉटेलात तिचा जोर बहुधा कमी केलेला असतो, तरी सासऱ्यांसाठी माझी पहिली निवड जर्क चिकन आणि जर्क फ्राइड राइसच असेल.

मुंग्या आणणारं सिचुआन मिरं कुठे दिसलं तर तेही घ्या. मी मूळची वेंगुर्ल्याची. बांगड्याच्या तिकल्यात पडणारं आमचं तिरफळ आणि ते मिरं एकाच प्रजातीतली झाडं आहेत, त्यामुळे पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला घरीच आल्यासारखं झालं. घाटावरच्या माणसाला ते आवडेलच याची हमी देत नाही.

सासूबाईंचा प्रश्न अवघड आहे, तिथे जरा थांबते.

अमेरिकेत "व्हेजिटेरियन" या शब्दावर विसंबू नका. काउंटरवरच्या मुलाच्या मते मांसाचा तुकडा दिसत नसेल तर ते व्हेजिटेरियन. तो खोटं बोलत नसतो, त्याला रस्सा, चरबी आणि सॉस डोळ्यासमोर येत नाहीत एवढंच. म्हणून पदार्थाचं नाव घेऊन विचारायचं. फ्यूजन किचनमध्ये अडचण दुप्पट, कारण लपलेल्या गोष्टी दोन्हीकडून येतात.

मेक्सिकन बाजूने सुरुवात करू. रिफ्राइड बीन्समध्ये परंपरेने मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी असते. आजकाल बरीच हॉटेलं तेल वापरतात, पण दिसण्यावरून काही कळत नाही, विचारावंच लागतं. लालसर मेक्सिकन भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्शात किंवा कोंबडीच्या चवीची पावडर घालून शिजवतात. हा भात मराठी शाकाहारी मंडळी वर्षानुवर्षं निर्धास्त खाताना मी पाहिलीत, टोमॅटो राइस समजून. मैद्याच्या टॉर्टियातही पूर्वी मान्तेका असे. कारखान्यातल्या बहुतेक टॉर्टिया आता वनस्पती तेलाच्या असतात, घरगुती पद्धतीने करणाऱ्या जागी विचारा. मक्याची टॉर्टिया सर्वांत बिनधोक: मका, चुना, पाणी. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, दळून तिचं पीठ करतात. ही युक्ती मेक्सिकोत हजारो वर्षांची आहे आणि तिच्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं.

चिनी बाजूला पहिला संशयित ऑयस्टर सॉस. कालवांपासून होतो, 1888 मध्ये ग्वांगडाँगमध्ये ली कुम शेउंग यांनी तो बनवला असं सांगतात. "भाज्यांचं स्टर-फ्राय" म्हणून येतं त्यात तो सर्रास पडतो. मशरूमपासून केलेला शाकाहारी प्रकार मिळतो, पण साध्या हॉटेलात तो असेलच असं नाही. हॉट अँड सावर सूपमध्ये अंड्याचे तंतू आणि बहुधा मांसाचा रस्सा. एग रोलच्या आवरणाच्या पिठात अंडं असतं, आत भाजी असली तरी. फ्राइड राइस "अंडं न घालता" मागवला तरी तो त्याच कढईत होतो जिच्यात मिनिटापूर्वी अंडं फुटलं होतं. गर्दीच्या वेळी कढई ब्रशने आणि गरम पाण्याने झटकन फिरवून घेतात, साबणाने घासत नाहीत. तशीच ती वापरायची असते.

आणि तळण. चिप्स, टोफू, कोंबडी, मासे, सगळं एकाच फ्रायरमध्ये जाणं हे लहान किचनमध्ये सर्वसाधारण आहे.

मग खायचं काय? चिनी किचनमधली सर्वांत सुरक्षित वस्तू म्हणजे साधा वाफेचा भात. त्यात मीठही नसतं. तो घ्या. त्यावर अख्खे काळे बीन्स, कोंबडीचा रस्सा नाही याची खात्री करून. वर पिको दे गायो, म्हणजे चिरलेला कांदा-टोमॅटो-मिरची-कोथिंबीर-लिंबू, आपल्या कोशिंबिरीचीच चुलतबहीण. ग्वाकामोले, म्हणजे अव्होकाडोची चटणी. आणि वरून थोडा सोया सॉस. मी स्वतः मांसाहारी असूनही ड्यूटीवर कित्येकदा हेच जेवले आहे. सोया आणि लिंबू एकत्र आले की काळ्या बीन्सला जी चव येते ती दोन्हींपैकी कुठल्याच एका देशाच्या ताटात सापडत नाही. सोबत मक्याच्या टॉर्टियाची चीज केसाडिया. चीजबद्दल एक बारीक गोष्ट: काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या अर्काने) लावतात, काही सूक्ष्मजीवांपासूनच्या. काउंटरवर हे कुणाला सांगता येणार नाही. सासूबाई इतकं पाळत असतील तर चीज सोडा.

शेवटी बऱ्याच ठिकाणी कुकी देतात. चीनो बांदीदोची दालचिनी-साखरेची स्निकरडूडल तर प्रसिद्धच आहे. कुकीत साधारणपणे अंडं असतं. शेंगदाणा नाही याची खात्री करून ती मुलाच्या ताटात सरकवा.

लाइनवरचे कुक बहुतेक स्पॅनिश बोलणारे असतात, तेव्हा ही दोन वाक्यं पाठ करून ठेवा. "सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो" म्हणजे चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको. "सिन कार्ने, सिन उएवो" म्हणजे मांस नको, अंडं नको. हसतमुखाने म्हटलंत तर कुक हातमोजे बदलून वेगळ्या कोपऱ्यात करून देतो. मी हे अनेकदा होताना पाहिलंय. मात्र शनिवारी सात वाजता, रांग दारापर्यंत गेलेली असताना ही अपेक्षा करू नका. जायचं असेल तर दुपारी साडेअकरा किंवा संध्याकाळी साडेपाच गाठा. पदार्थ नुकतेच भरलेले असतात आणि कुकला मान वर करायला वेळ असतो.

सासूबाई भांडंही वेगळं हवं म्हणणाऱ्या असतील, तर स्पष्ट सांगते, या ठिकाणी त्यांना गरम काही खायला लावू नका आणि "चालतं हो" म्हणून समजूतही काढू नका. घरून पोटभर खाऊ घालून न्या. तिथे त्यांना पेय द्या, गप्पा मारू द्या. यजमानाला आधी फोन करून सांगितलंत तर त्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

पेयांत त्यांना मजा येईल. आग्वा दे हामाइका हे लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड, आंबट सरबत. रंग बघून त्यांना कोकम वाटेल. ओर्चाता हे तांदूळ आणि दालचिनीचं. काही जण त्यात दूध घालतात. मुलासाठी मँगोनादा मिळाला तर घ्या: आंब्याचा बर्फगोळा, वर चामॉय नावाची आंबट-गोड-तिखट चटणी आणि मिरचीपूड.

मुलाची ॲलर्जी ही मात्र चवीची बाब नाही, तिथे माझा सूर बदलतो. शेंगदाणा म्हटला की सगळे चिनी बाजूकडे बघतात, कुंग पाओ चिकनकडे. ते बरोबरच आहे. पण मेक्सिकन बाजू विसरतात. मोले या मिरच्या-मसाल्यांच्या दाट सॉसमध्ये शेंगदाणे असू शकतात. सालसा माचा ही मिरची आणि तेलाची गडद चटणी शेंगदाण्याशिवाय क्वचितच होते, आणि हल्ली फ्यूजनवाल्यांची ती फार लाडकी आहे, कारण ती चिनी चिली ऑइलसारखी दिसते आणि दोन्हीकडे शोभते. सालसा बारवर दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतील, चमचे इकडचे तिकडे होत असतील, तर मुलासाठी त्या बारमधलं काहीच घेऊ नका.

तळणाचं तेल कोणतं ते विचारा. अमेरिकेच्या लेबल-कायद्यात अतिशुद्ध शेंगदाणा तेल ॲलर्जीच्या यादीतून वगळलेलं आहे, त्यामुळे "आमच्याकडे शेंगदाणा नाही" म्हणणारा माणूस तेलाचा विचार करत नसण्याची शक्यता आहे. तसलं तेल तुमच्या मुलाला चालतं का, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही. देशभरच्या यादीत आता नऊ मोठे ॲलर्जन आहेत, तीळ 1 जानेवारी 2023 पासून नववा झाला. पण तो नियम पाकिटबंद मालाच्या लेबलांसाठी आहे. हॉटेलच्या मेनूवर ते छापलेलं असेलच असं धरून चालू नका. ऑर्डर देण्याआधी पहिलं वाक्य ॲलर्जीचं असू द्या, शक्यतो मॅनेजरपाशी. एपिनेफ्रिनचं पेन (ॲलर्जीच्या झटक्यात टोचायचं इंजेक्शन) पर्समध्ये हवं, गाडीत नको. आपल्या उन्हात गाडीत ठेवलेलं औषध बिघडतं.

हे सगळं वाचून "मग दोन देशांचं जेवण एकत्र करायचं कशाला?" असं सासरे विचारतील. त्यांना सांगायला एक गोष्ट देते, कारण ही जोडी कुणा मार्केटिंगवाल्याच्या डोक्यातून निघालेली नाही. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं, ते 1943 पर्यंत बंदच राहिलं. मजूर मग सीमेच्या पलीकडे उतरले. 1903 मध्ये वसलेल्या मेहिकाली शहराच्या आसपास कोलोरॅडो रिव्हर लँड कंपनी या अमेरिकन कंपनीच्या कापसाच्या शेतीवर हजारो चिनी आले, आणि एके काळी शहरात मेक्सिकनांपेक्षा चिनीच जास्त होते. त्यांची वस्ती ला चिनेस्का आजही आहे आणि चिनी हॉटेलं ही त्या शहराची ओळख आहे. वर सांगितलेल्या सोया-लिंबाच्या मिरच्या तिथल्याच. हा इतिहास गोड नाही. 1911 मध्ये तोरेओन शहरात सुमारे तीनशे चिनी मारले गेले, आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सोनोराने आपल्या चिनी रहिवाशांना हाकलून दिलं. त्यांच्यातले बरेच जण सीमा ओलांडून आपल्या ॲरिझोनात ढकलले गेले आणि इथून पुढे चीनला पाठवले गेले. इकडे टूसॉनमध्ये मेक्सिकन वस्त्यांत चिनी माणसांची किराणा दुकानं होती, मालक गिऱ्हाइकांशी स्पॅनिशमध्ये बोलत.

त्याच्याही मागे जायचं तर 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं आकापुल्को आणि मनिला यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. मेक्सिकोची चांदी चीनकडे जायची, रेशीम आणि चिनी मातीची भांडी उलट यायची. मिरची मुळात मेक्सिकोकडची. ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये पोचली, आणि आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत आली. म्हणजे सिचुआनची आणि साताऱ्याची मिरची एकाच माहेरची. असल्या मिश्रणात आपलेही लोक आहेत: गेल्या शतकात कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, आणि युबा सिटीतल्या रसूल कुटुंबाच्या एल रांचेरो हॉटेलात रोटी केसाडिया मिळत असे. ते हॉटेल आता नाही.

चांगली जागा कशी ओळखायची? आत डोकावता आलं तर बघा: मोठ्या ज्योतीची कढई आणि सपाट तवा, दोन्ही चालू असले पाहिजेत. टॉर्टिया तव्यावर शेकून देतात की मायक्रोवेव्हमधून काढतात, हे पहिल्या घासात कळतं. मायक्रोवेव्हची रबरासारखी ताणते. फ्राइड राइसचे दाणे सुटे हवेत. आदल्या दिवशीचा गार भात वापरतात तो त्यासाठीच. ताज्या ओल्या भाताचा गोळा होतो. मेनू दोन पानांत मावला तर बरा. त्याच मेनूवर सुशी, पिझ्झा आणि बटर चिकनही असेल तर मी पुढच्या दारात जाते. सगळे फ्यूजनवाले मिसळतातच असंही नाही. लास व्हेगासच्या कॉस्मोपॉलिटन हॉटेलात शेफ होसे आंद्रेस यांनी 2010 मध्ये काढलेल्या चायना पोब्लानोत चिनी आणि मेक्सिकन पदार्थ बहुतेक वेगवेगळेच मिळतात, एका टेबलावर. तिथला नीटनेटकेपणा मला मान्य आहे, पण केसाडियात घातलेल्या गोड-तिखट चिकनचा जो बेशिस्त आनंद आहे, तो त्यात नाही.

पैशांचं लवकर उरकते. छापलेल्या किमतीवर फिनिक्समध्ये सुमारे नऊ टक्के कर चढतो. काउंटरवर ऑर्डर देऊन ट्रे स्वतः उचलायचा असेल तर टिप तुमच्या मनावर, दहा टक्के ठेवले तर पुष्कळ. तुम्ही सिन-सिन करत कुकला चार वेगळ्या गोष्टी करायला लावल्या असतील तर मात्र हात आखडू नका. टेबलावर येऊन कुणी वाढत असेल तर अठरा ते वीस टक्के. मित्र पैसे देतोय, तर टिपेच्या बरणीत तुम्ही टाका. सासऱ्यांना स्क्रीनवरचा टिपेचा आकडा दाखवू नका, ते त्याचे रुपये करून बघतील आणि जेवण कडू होईल.

ताटं मोठी असतात. पाच जणांत चार ऑर्डर पुरतात, तरीही उरतं. उरलेलं डब्यात भरून घ्या, पण जेवल्यावर मॉलमध्ये फिरायला जायचा बेत असेल तर डबा घेऊच नका. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. फिनिक्सचा जून तर चाळिशीच्या पुढे असतो. शिजलेला भात यात सर्वांत धोक्याचा, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात, मग नंतर कितीही गरम केलं तरी धोका जात नाही. घरी नेलेला भात दुसऱ्या दिवशी कढईत मोठ्या आचेवर परता. केसाडिया तव्यावर, झाकण न ठेवता. बुरिटोचं ॲल्युमिनियमचं कागद काढून, मधोमध कापून, कापलेली बाजू तव्यावर टेकवून शेका.

आणि एक राहिलंच: जाण्याआधी दुपारी तीनच्या सुमारास हॉटेलला फोन करा. त्या वेळी किचन रिकामं असतं. बीन्समध्ये मान्तेका आहे का, भातात रस्सा आहे का, फ्रायरमध्ये कोणतं तेल आहे आणि शेंगदाणा कुठेकुठे वापरता, एवढे चारच प्रश्न. उत्तर देणारा "थांबा, कुकला विचारून सांगतो" म्हणाला तर जा. न विचारता "सगळं ओके आहे" म्हणाला तर मित्राला दुसरी जागा सुचवा.